कुंकू लागलेली पिपेट

मी एक जुनी पिपेट आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचा आणि हवा तिथे सोडायचा, हे माझं काम. डोक्यावर बटण, खाली निमुळती नळी. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका प्रयोगशाळेत माझी हयात गेली. कित्येक संशोधक माझ्या जिवावर मोठे झाले. भिंतीवर फोटो त्यांचे लागले.

पुढे बटण घट्ट झालं आणि मला कुणी हात लावेना. मग हिमानी आली. नागपूरची, सदतीस वर्षांची, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून यकृताच्या पेशी वाढवायला शिकत होती. चांगल्या पिपेटा तरण्या पोरांनी आधीच पळवल्या होत्या, म्हणून मी तिच्या वाट्याला आले. तिच्या अंगठ्याला माझी खोड कळली. डॉक्टरकी आणि संशोधन, दोन्ही पदव्या एकत्र मिळणाऱ्या लांबलचक कोर्ससाठी तिने अर्ज केला होता. दसऱ्याला ती मला टेबलावर ठेवून कुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची. तेवढ्यावर माझं वर्ष जायचं.

यंदाच्या दसऱ्याला गावातच राहणाऱ्या तिच्या शोभनाकाकू तिला जेवायला न्यायला आल्या. त्या निवृत्त डॉक्टर. त्यांनी पर्समधून एक चकचकीत स्टेथोस्कोप काढला.

"काकू, अजून ॲडमिशन कुठे झालीय?"

"होईल. पण पुढच्या आठवड्यात मुलाखतीत सांगून टाक, नुसती डॉक्टरकी चालेल म्हणून. संशोधन कशाला मागे लावून घेतेस? बाहेर पडशील तेव्हा केस पांढरे होतील."

"ते झालेतच, काकू. डाय लावते मी."

काकू हसल्या. हिमानी मात्र विचारात पडली, आणि मी हादरले. ती जे अर्धं सोडणार होती, ते अर्धं म्हणजे मी.

फूल एकच होतं. ते त्या स्टेथोस्कोपला मिळालं. काल दुकानातून आलेला, एक छाती न तपासलेला, आणि फूल त्याला! माझा नुसता जळफळाट झाला. मला तिने घाईत ओलं कुंकू टेकवलं, तेही थेट नळीच्या तोंडाशी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची रीमा ओरडली, "हिमानी, तुझ्या पेशींत हे लाल काय आहे? रक्त?"

"कुंकू."

"यार, तू पिपेटला कुंकू लावलंस?"

"दसरा होता."

"मग फ्रीजला तोरण पण बांधायचं होतंस."

महिनाभर वाढवलेल्या पेशी कचऱ्यात गेल्या. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, घे आता, लाव त्या स्टेथोस्कोपला फुलं. पण ती रडवेली होऊन बसली, तेव्हा माझाच जीव तुटला. रीमाने विचारलं, "मग मुलाखतीत काय सांगणार? काकूंचं ऐकणार?"

हिमानीने स्टेथोस्कोप उचलला. "याने रोग ऐकू येईल, रीमा. बरा कशाने करू? ते इथेच शोधावं लागेल. दोन्ही मागणार." आणि तिने पेशी पुन्हा वाढवायला घेतल्या. नव्या पिपेटने. मला फडताळात टाकलं.

बर्फ वितळल्यावर तिचा फोन मी आतून ऐकला. "काकू, मिळालं. हो, दोन्ही." मग तिने फडताळ उघडलं, माझं तोंड स्वच्छ पुसलं आणि मला कोटाच्या खिशात घातलं. तिथे तो स्टेथोस्कोप होताच. त्याची रबरी नळी माझ्या अंगावर पडली आहे. आमचं जमलं असं मी मुळीच म्हणणार नाही.

मित्रांनो, हत्याराची वर्षातून एकदा पूजा करून भागत नाही. त्याला रोज पुसा. कुंकू लावा, पण कुठे लावता ते बघा. आणि पांढऱ्या केसांच्या बाईला अर्ध्यावर भागव असं सांगू नका. तिने सोडलेल्या अर्ध्यात कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं.