उचलायचं नाही

लेकीची, मनस्वीची सुपारी फुटली त्या दिवशी जीवनने मुलाकडच्यांपुढे एकच अट घातली. मानपान तुमच्या मर्जीने, जेवणात सांगाल ते वाढू, पण व्याहीभेटीत मला उचलायचं नाही.

वरात दारात आली की दोन्ही व्याही एकमेकांना हार घालतात, मिठी मारतात आणि हौसेने उचलतातही. कोण किती वर उचलतो यावर पोरं शिट्ट्या मारतात. मुलाचे वडील भरतराव म्हसा गावचे, अंगाने काटकुळे पण ताडमाड उंच. जीवन त्यांच्या कमरेला लागत होता. अट ऐकून ते मोठ्याने हसले.

"सोडा हो, उचलतंय कोन? शब्द दिला तुमाला."

ते हसू जीवनला आवडलं नाही, पण शब्द त्याने धरून ठेवला.

उचलून घेण्याची त्याला शिसारी होती, आणि ती काही उगाच नव्हती. नेपाळातल्या डोंगरगावातून सख्ख्या काकाने त्याला सर्कशीत आणून सोडलं, तेव्हापासून तो लोकांच्या हातांत होता. पहिलवान त्याला चेंडूसारखा झेलायचा आणि तंबू हसून लोळायचा. त्याचा स्वतःचा असा खेळ एकच. सर्कशीतल्या सगळ्यात लांबड्या विदूषकाला मांड्यांशी मिठी घालून तो उचलायचा आणि रिंगणभर फिरवायचा. तेवढ्याच वेळी लोक हसायचं विसरून टाळ्या वाजवायचे.

मग सर्कस बसली आणि तो मुंबईला सिनेमात गेला. तिथे तर आगीतून फुफाट्यात. हिरोच्या पोराला जिन्यावरून फेकायचं असो की जळत्या घरातून बाहेर काढायचं असो, पोराचा झगा जीवनच्या अंगावर चढायचा. दाढी घोटायची, गालांना गुलाबी पावडर फासायची आणि कुणाच्या तरी घामट काखेत तोंड खुपसून पडून राहायचं. शॉट संपला तरी त्याला खाली ठेवायची कुणाला घाई नसे. बाया गालगुच्चे घेत, पुरुष ढुंगणावर थापट्या मारत. मिशा फुटलेल्या बाप्याच्या ढुंगणावर! तो म्हणायचा, "उतरवा." कुणी ऐकायचं नाही. पुन्हा म्हणायचा. मग ते आणखी हसायचे.

एक दिवस त्याला त्या सगळ्याचा इतका वीट आला, की पावडर न पुसता तो बाहेर पडला आणि किन्हवलीला रत्नाच्या दारात येऊन उभा राहिला. रत्नाची ओळख म्हशाच्या जत्रेतली. सर्कस तिथे उतरली होती तेव्हा ती आईबरोबर तंबूवर भाकऱ्या पोचवायची, आणि त्याच्याशी बोलायला खाली बसायची. लग्न झालं. सर्कशीत तो कपडे शिवायला शिकला होता. मशीनचं पायडल उंच करून घेतलं आणि गावाचे ब्लाऊज, पोरांचे गणवेश शिवू लागला. सुरुवातीला एका टवाळाने नाक्यावर त्याला गंमत म्हणून उचललं, तर रत्नाने भर बाजारात त्या मेल्याला चपलेने बडवला. गाव एका धड्यात शिकलं. मनस्वीने बापाला कधी कुणाच्या कडेवर पाहिलं नव्हतं, आणि तिने ते पाहू नये एवढंच जीवनचं मागणं होतं.

लग्नाच्या दिवशी स्वतः शिवलेला कोट घालून तो मांडवाच्या दारात उभा राहिला. डीजेच्या दणक्याने पत्रे थरथरत होते. भरतराव नाचत नाचत आले. तोंडाला दारूचा भपकारा, ओठांच्या कोपऱ्यांत गुटख्याची लाल ओल. शूटिंगवाला पोरगा त्यांच्या कानाला लागला.

"काका, उचला ना. रील एक नंबर होईल."

भरतरावांनी वाकून हार घातला आणि त्याच वाकण्यात जीवनला उचललं. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीवर, तान्ह्या पोराला घेतात तसं. वर झोके द्यायला लागले. डीजेवाल्याने लगेच लहान मुलांचं गाणं लावलं. मांडव खदखदून हसला. जीवनच्या ताटात जेवलेली माणसंही दात काढत होती. दिलेल्या शब्दाची एवढीच किंमत! जीवनचं तोंड नेमकं त्या काखेत आलं. तोच जुना वास.

"उतरवा," तो म्हणाला.

"थांबा हो जरासं. फोटू तं निघू द्या."

"उतरवा."

नवरीच्या साडीत मनस्वी दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं. रत्ना तिच्या शेजारी होती आणि तिचा हात पायातल्या चपलेकडे चालला होता. ती चप्पल निघाली असती तर लग्न तिथेच मोडलं असतं. जीवनने वरूनच मान हलवून तिला नको म्हटलं.

भरतरावांना धाप लागली तेव्हा कुठे त्यांनी त्याला खाली ठेवलं.

"वन्स मोर काका," शूटिंगवाला म्हणाला. "ड्रोन आता आलाय."

"थांब," जीवन म्हणाला. "भेट दोघांची असते. आता माझी पाळी."

लोक आणखी जोरात हसले. जीवनने कोट काढून रत्नाकडे दिला, गुडघे वाकवले, भरतरावांच्या मांड्यांना मिठी घातली आणि त्यांना उचललं.

भरतरावांची चप्पल गळून पडली, फेटा एका कानावर आला. धरायला काही मिळेना, म्हणून त्यांनी जीवनचे केस मुठीत धरले. शिट्ट्या झाल्या, मग हळूहळू थांबल्या, कारण जीवन हसत नव्हता आणि सोडतही नव्हता. पाय जमिनीत रोवून तो उभा होता. हातांत एक घाबरलेलं, घामेजलेलं शरीर होतं आणि ते आता त्याच्या मर्जीवर होतं. उचलणाऱ्याला त्यात एक गोडी असते हे त्याला तेव्हा कळलं. एवढी वर्षं त्याला कुणी खाली का ठेवत नव्हतं, तेही कळलं. त्या गोडीचीच त्याला सगळ्यात जास्त किळस आली.

डीजे बंद झाला होता. भरतराव त्याच्या कानापाशी वाकले.

"व्याहीबुवा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "उतरवा."

त्यांनी एकदाच म्हटलं, आणि जीवनने त्यांना उतरवलं.