जीपमध्ये राहिलेली काठी

मी एक जुनी अर्थिंगची काठी आहे. तारांवर काम करणारी माणसं मला डिस्चार्ज रॉड असंही म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यात पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. पिवळ्या फायबरची लांब काठी, टोकाला पितळी आकडा आणि आकड्यापासून निघालेली जाड तांब्याची तार, एवढंच माझं रूप.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्याबरोबर माझ्या दोन बहिणीही घडल्या. आम्हा तिघींच्या तांब्याच्या तारा एकाच क्लॅम्पला जोडलेल्या असतात. तो क्लॅम्प आधी जमिनीत ठोकलेल्या सळईला आवळायचा आणि मग आम्हाला एकेका वीजतारेवर अडकवायचं. वीज बंद केलेली असतानाही कुठून तरी ती तारेत आलीच, तर माणसाच्या अंगात न शिरता आमच्यातून जमिनीत जाते. त्यासाठीच आम्हाला बनवलं आहे.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते मोतीराम गांगुर्डे यांनी. ते लाईनमन होते. पावसाळ्याआधी तारांत घुसलेल्या फांद्या छाटायचं काम त्यांच्या तुकडीकडे असे. सबस्टेशनमधून लाईन बंद झाल्याचा निरोप आला, तरी ते कुणाला झाडावर चढू देत नसत. आधी टेस्टर लावून तार तपासायचे, मग आम्हाला अडकवायचे. छाटणारे मजूर खाली ताटकळत उभे राहायचे. कुणी कुरकुर केली, तर मोतीरामकाका म्हणायचे, "स्विच तिकडे बंद झालाय. इथं काय आहे ते मला बघू दे."

एकदा द्वारका चौकाजवळच्या गल्लीत आमचं काम चालू होतं. फोनवर काहीतरी चुकीचं ऐकलं गेलं आणि सबस्टेशनमध्ये कुणीतरी आमचीच लाईन चालू केली. मोठा आवाज झाला. माझा आकडा काळा पडला, तांब्याची तार तापली, आणि फ्यूज उडून लाईन पुन्हा बंद झाली. झाडावरचा माणूस उतरून कट्ट्यावर बसला. मोतीरामकाकांनी रुमालाने माझा आकडा पुसला आणि तुकडीतल्या सगळ्यांना तो काळा डाग दाखवला. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच.

मोतीरामकाका निवृत्त झाले आणि तुकडी छाया पगारे यांच्याकडे आली. छायाताई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. हेल्मेट नसलं की त्या माणसाला परत पाठवायच्या. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही एकही दिवस जीपमध्ये पडून राहिलो नाही.

मग आमच्या क्लॅम्पच्या स्क्रूचे आटे गेले. कितीही पिळला तरी तो सळईवरून घसरायचा. छायाताईंनी नव्या क्लॅम्पसाठी लेखी अर्ज दिला. महिन्याने दुसरा दिला. स्टोअरमधून उत्तर यायचं, "मागवलाय, येईल." कामं तर रोज येत होती. एके दिवशी घाईत आमच्याविना फांद्या छाटल्या गेल्या आणि काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. मित्रांनो, त्या दिवसांत काही झालं नाही, हेच वाईट झालं. सगळ्यांना वाटू लागलं की आमच्यावाचूनही चालतं.

मे महिन्यातली ती सकाळ. आडगाव शिवारात रस्त्याकडेच्या करंजाच्या फांद्या तारांत गुंतल्या होत्या. समोरच्या लॉन्सवर लग्न होतं. नऊ ते बारा लाईन बंद ठेवायची परवानगी मिळाली होती, पण निरोप यायलाच दहा वाजले. झाडावर चढणारे होते खंडेराव, दिंडोरीकडचे. पंधरा वर्षं हेच काम करत आलेले.

छायाताईंनी टेस्टर लावला. तारेत वीज नव्हती. मग त्या जीपपाशी आल्या आणि त्यांनी मला हात लावला. क्लॅम्प उचलून पाहिला, तो तसाच ढिला.

"ताई, टेस्टर लावला ना?" खंडेराव म्हणाले. "लाईन बंद हाय. लय उशीर झालाय. मी चढतो, अर्ध्या तासाचं काम हाय."

तुकडीतले दुसरे लाईनमन हर्षल घड्याळाकडे बघत होते. छायाताई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी मला परत ठेवलं आणि म्हणाल्या, "पट्टा नीट बांधा."

खंडेरावांनी पट्टा नीट बांधला. रबरी हातमोजे मात्र कमरेला खोचले, कारण मोजे घातले की कोयत्याची मूठ सटकते. पहिल्या चार फांद्या खाली आल्या. पाचवी तारेखाली दबली होती, म्हणून त्यांनी उजव्या हाताने तार बाजूला सारायला घेतली.

मी जीपच्या मागच्या भागात होते. तिथून मला झाड स्पष्ट दिसत होतं. कोयता खाली पडला. खंडेराव ओरडले नाहीत. त्यांचं शरीर ताठ झालं आणि हात तारेला चिकटून राहिला. मला वाटलं, माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. तार तर बंद होती. आताच तपासली होती.

हर्षल झाडाकडे धावले. छायाताईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. "झाडाला हात लावू नका. कुणीच लावू नका." त्यांचा आवाज फाटला होता. दुसऱ्या क्षणी त्या गप्प झाल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. तेव्हा मलाही ऐकू आलं. लॉन्सच्या मागून जनरेटरची धडधड येत होती. ती मघाशी नव्हती.

छायाताई लॉन्सकडे पळत सुटल्या. जनरेटरजवळ बसलेल्या माणसाला बाजूला सारून त्यांनी तो बंद केला. धडधड थांबली, आणि इकडे खंडेरावांचा हात तारेवरून सुटला. ते पट्ट्याला लोंबकळत राहिले.

"ताई, वऱ्हाडी कटकट करत होते, पंखे बंद होते म्हणून लावला," तो माणूस मागून येत सांगत होता. "बाहेरच्या लाईनीचा काय संबंध?"

संबंध होता. जनरेटर लावताना बाहेरची लाईन तोडणारा एक स्विच असावा लागतो. त्या लॉन्सवर तो बसवलाच नव्हता. मांडवातल्या पंख्यांसाठी केलेली वीज उलटी फिरून रस्त्यावरच्या तारांत आली होती.

छायाताईंनी पुन्हा टेस्टर लावला आणि मगच हर्षलना शिडी लावू दिली. दोघांनी मिळून खंडेरावांना खाली आणलं. श्वास चालत नव्हता. हर्षल त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत राहिले, घामाने निथळत, रुग्णवाहिका येईपर्यंत. ती येण्याआधी खंडेरावांनी एक खोल श्वास घेतला. मांडवातून नटलेली माणसं बाहेर येऊन उभी होती.

खंडेराव वाचले. पण त्यांचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

चौकशी लागली. छायाताईंना जबाब लिहून द्यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात साहेब त्यांना म्हणाले, "मॅडम, काठ्या लावल्या होत्या असं लिहा. चूक लॉन्सवाल्यांची आहेच. तुम्ही कशाला अडकताय?"

आम्ही तिघी शेजारीच भिंतीला टेकून उभ्या होतो. छायाताईंनी आमच्याकडे पाहिलं. "साहेब, जनरेटरची चूक त्यांची. पण काठ्या लावल्या असत्या, तर खंडेरावांचा हात राहिला असता. काठ्या जीपमध्ये होत्या, आणि मीच त्या परत ठेवल्या होत्या."

त्यांनी तसंच लिहिलं. त्या दोन अर्जांच्या तारखाही लिहिल्या. त्यांना तीन महिने घरी बसावं लागलं. आणि मित्रांनो, ज्या क्लॅम्पची कित्येक आठवडे वाट पाहिली, तो चार दिवसांत आला. शहरातल्या सगळ्या तुकड्यांना आला. तो माझ्या तारेला जोडला जात होता, तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

खंडेरावांना भेटायला छायाताई दवाखान्यात गेल्या होत्या, हे मी त्यांना हर्षलशी बोलताना ऐकलं. खंडेरावांच्या बायकोने, बायडाबाईंनी, त्यांना स्टूल दिलं, पण त्या बसल्या नाहीत. खंडेराव म्हणाले, "ताई, मीच घाई केली व्हती."

"घाई तुम्ही केलीत," छायाताई म्हणाल्या. "पण थांबवायचं काम माझं होतं."



आता छायाताई कामावर परतल्या आहेत. खंडेरावही आमच्याबरोबर येतात. ठेकेदाराकडे त्यांच्यासाठी छायाताईच भांडल्या. खंडेराव चढत नाहीत, खाली उभे राहतात. काम सुरू होण्याआधी आसपास कुठे जनरेटर, इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला ते घरोघर जातात. मग क्लॅम्प आपल्या डाव्या हाताने ओढून पाहतात. परवा एक नवा गडी चप्पल काढून झाडाला हात लावत म्हणाला, "काका, लाईन बंद आहे ना?"

खंडेरावांनी त्याला काहीच समजावलं नाही. ते नुसते त्याच्या आणि झाडाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. आम्ही तिघी तारांवर चढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरासमोर माणसं तारांजवळच्या फांद्या छाटायला येतील. तेव्हा लांब उभे राहा, आणि घरातल्या मोठ्यांना सांगा की ती माणसं खाली उतरेपर्यंत जनरेटर लावू नका. थोडा वेळ उकडेल. आणि वर तारांकडे एकदा बघा. तिथे पिवळी काठी दिसली नाही, तर मोठ्याने विचारा, ती कुठे आहे. त्या सकाळी मी जीपमध्ये आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. विचारलं मात्र कुणीच नाही.