सॅट्रियस घराण्याची हस्तिदंती खुर्ची

दिवसाचा चौथा तास सुरू झाला होता. रोमच्या चौकात, न्यायदानाच्या चौथऱ्यावर, कॉन्सलच्या हुकमावरून दोन दंडधाऱ्यांनी मला उचलले आणि दगडी पायरीवर आपटले. पहिल्या आपटीत काही झाले नाही. दुसऱ्या आपटीत माझा डावा मागचा पाय मोडला.

मित्रांनो, मी एक जुनी हस्तिदंती खुर्ची आहे. वय एकसष्ट वर्षे. मला पाठ नाही आणि हातही नाहीत. माझे चार वाकडे पाय कैचीसारखे एकमेकांना छेदतात आणि वर बैठकीला बैलाचे कातडे ताणलेले आहे. मला घडवणारा कारागीर म्हणे, "हिच्यावर कुणाला झोप लागता कामा नये. काम करावं आणि उठावं."

माझ्यावर कुणीही बसू शकत नाही. लोकांनी मोठ्या पदावर निवडून दिलेल्यालाच तो मान मिळतो. सर्व्हिअस सॅट्रियस निवडून आले तेव्हा त्यांनी मला करवून घेतले. आधी ते प्रीटर, म्हणजे न्यायाधीश, होते; पुढे कॉन्सल, म्हणजे राज्यातले सर्वांत वरचे अधिकारी, झाले. ते वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे अंत्ययात्रेत एका नटाने त्यांचा मेणाचा मुखवटा चढवला, त्यांच्यासारखाच खोकत आला आणि माझ्यावर बसला. चाल हुबेहूब, खोकला हुबेहूब. वजन मात्र बरेच कमी होते.

त्यांच्या मुलाने खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून दोनदा निवडणूक लढवली आणि दोनदा हरला. तो माझ्यावर कधीच बसला नाही. महिन्यातून एकदा मला स्वतःच्या हाताने तेल लावायचा आणि बाजूला उभा राहायचा.

त्याला दोन मुलगे होते. थोरला मामर्कस, धाकटा टायटस. टायटस अकरा वर्षांचा असताना हेरेनिअस नावाचा एक निपुत्रिक, वजनदार स्नेही घरी आला. "तुझ्याकडे दोन आहेत, माझ्याकडे एकही नाही," एवढेच तो म्हणाला. रोममध्ये मोठी घराणी अशीच चालतात. टायटस दत्तक गेला. त्या दिवशी आई तितिनिया हेरेनिअसला दारात अडवून म्हणाली, "मुलगा देतेय, मडकं नाही. सणावाराला पाठवत जा."

बाहेर त्याचे नाव बदलले. आई त्याला टायटसच म्हणत राहिली, मीही तेच म्हणेन.

नव्या घराण्याच्या पाठबळावर टायटस प्रत्येक निवडणूक पहिल्याच प्रयत्नात जिंकत गेला. मामर्कस दोनदा हरला, मग कसाबसा प्रीटर झाला. त्याच वर्षी टायटस कॉन्सल झाला. धाकटा वर, थोरला खाली. मी मात्र पुन्हा चौकात आले. डामा नावाचा म्हातारा गुलाम मला रोज खांद्यावरून नेई आणि चौथऱ्यावर मांडी.

त्या सकाळी कातडी कमावणाऱ्या फूफिअसचा खटला चालू होता. शेजाऱ्याच्या छपराचे पाणी त्याच्या वाळत घातलेल्या कातड्यांवर पडत असे. तेवढ्यात बारा दंडधारी पुढे घालून टायटस चौकात आला. कॉन्सल समोरून जात असेल तर प्रीटरने उठायचे, हा नियम आहे.

आता मी सांगते ते इतर कुणालाही ठाऊक नाही. मामर्कसच्या मांड्या ताठ झाल्या. माझ्यावरचे वजन निम्म्याहून कमी झाले. तो उठत होता.

तेवढ्यात गर्दीतला एक ऑलिव्हवाला ओरडला, "ऊठ की रे दादा! धाकटा आलाय!"

सगळा चौक हसला. आणि सगळे वजन माझ्यावर परत आले.

टायटस थांबला. "प्रीटर, समोर कॉन्सल आहे."

"दिसतोय. खटला चालू आहे."

"उठा."

"टायटस, घरी बोलू."

"इथे टायटस कुणी नाही."

पुढचे तुम्हाला सांगितलेच आहे. पाय मोडल्यावर टायटसने आणखी एक हुकूम काढला: या प्रीटरकडे यापुढे कुणीही न्याय मागायला जाऊ नये. भाऊ म्हणून कदाचित त्याने सोडून दिले असते. पण लोकांनी पाहिले होते आणि ते हसले होते.

मामर्कस चौथऱ्यावर नुसता उभा राहिला. डामाने माझे तुकडे गोळा केले. "मालक, पाय हिचा मोडलाय. तुमचे शाबूत आहेत. चला घरी."

डामाने माझ्या मोडक्या पायाला ऑलिव्हची काठी लावून चामड्याच्या पट्टीने आवळले. दुसऱ्या दिवशी आम्ही परत चौकात गेलो. कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी फूफिअस आला, पायरीखाली थांबला आणि लांबूनच म्हणाला, "साहेब, कातडी कुजायला लागलीत." मामर्कसला त्याला वर बोलावता येईना.

मामर्कसचे काय जाणार होते ते घरातल्या सगळ्यांना कळत होते. वर्ष संपायला नऊ महिने होते. ज्या प्रीटरकडे नऊ महिने कुणी फिरकत नाही त्याला लोक कॉन्सल करत नाहीत. मेल्यावर त्याचाही मुखवटा दिवाणखान्यातल्या कपाटात पूर्वजांच्या रांगेत लागेल, पण त्याखाली काय लिहायचे? खुर्ची मोडलेला प्रीटर?

डामा दोन घरांमध्ये फेऱ्या मारू लागला. टायटसचा निरोप: तो चौकात एकदा उठू दे, मी हुकूम मागे घेतो. मामर्कसचा निरोप: त्याने हुकूम मागे घ्यावा, मी उठतो. पाचव्या फेरीनंतर डामा अंगणात बसला आणि पोटऱ्या चोळत म्हणाला, "एक उठेना, एक झुकेना. मला मेल्याला बसायला मिळेना."

दहाव्या दिवशी आईचा वाढदिवस होता. तितिनियाने दोघांनाही बोलावले. मामर्कस तर घरातच होता. काठी नीट बसली आहे का ते पाहायला तो दिवाणखान्यात माझ्यावर बसला होता.

दंडधाऱ्याची काठी दारावर आपटली. "कॉन्सल आले!"

त्याच क्षणी आई आतून आली. "सरक. माझे गुडघे दुखतायत."

माझ्यावरचे वजन उतरले आणि दुसरे, हलके वजन आले. मित्रांनो, एकसष्ट वर्षांत माझ्यावर बाईमाणूस कधी बसले नव्हते. मी डावीकडे कलले. डामाने आईला खांद्याला धरून ठेवले.

दंडधारी आत आला आणि चरकला. "बाई, उठा! कॉन्सल आहेत."

"तुझ्या कॉन्सलला मी चालायला शिकवलंय. त्याच्या काठ्या दाराबाहेर ठेव, फरशी आत्ताच पुसलीय."

टायटसने हात केला. दंडधारी बाहेर गेला. टायटसने आईच्या कपाळाचे चुंबन घेतले, मग भावाकडे पाहिले. मामर्कस उभा होता.

"उठलास?"

"उभा आहे."

"मी आलो म्हणून?"

आई म्हणाली, "मधातल्या वड्या गार होतायत."

दोघांनी एकाच ताटातून खाल्ले. जाताना टायटस दारात थबकला. "दादा, मला हुकूम मागे घ्यायचाय. पण उद्या कुणी विचारलं, तर प्रीटर कॉन्सलसाठी उठला होता, असं मला सांगता आलं पाहिजे. तू एकदा हो म्हण."

"मला आठवत नाही," मामर्कस म्हणाला. आणि मला वाटते, तो खोटे बोलत नव्हता.

टायटसने तीन कायदेपंडितांना विचारले. पहिला म्हणाला, उठला हे पुरे, कुणासाठी ते कायदा पाहत नाही. दुसरा म्हणाला, आईसाठी उठला तर तो मान आईचा, राज्याचा नव्हे. तिसऱ्याने विचार करायला चार दिवस मागितले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी खुर्ची असेल तर एखादा पाय मोडला म्हणून तिला अडगळीत टाकू नका. तिला तेल लावत जा, पट्टी आवळत जा. माणूस उठणार की बसून राहणार, हे त्याच्या तोंडावर दिसण्याआधी आम्हाला कळते. कुणासाठी उठला, हे मात्र आम्हालाही कळत नाही. मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आहे. दारावरची काठी आणि आईचा आवाज, दोन्ही एकदमच आले.

आज सकाळी टायटसचा कारकून मेणाची पाटी घेऊन तितिनियाकडे आला. "बाई, तुम्ही 'सरक' म्हणालात, तेव्हा प्रीटरसाहेब बसलेले होते की उठलेले?"

आईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "उद्या ये. आठवून सांगते."

कारकुनाने पाटीवर तेवढेच लिहिले आणि तो गेला. हुकूम अजून कायम आहे.