भाठ्यावरचा दसरा

२००१ सालचा दसरा तो. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन वर्ष भरत आलं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि शंकर नगरात दिसेल त्या फाटकाशी लाल दिव्याची गाडी उभी राहू लागली होती. यशवंतरावांच्या फाटकाशी मात्र अजून घोडीच उभी असे. चंद्री तिचं नाव. मागच्या अंगणात अकरा कुत्री होती, उंच, सडपातळ, गावठी रक्ताची, आणि त्यांना सांभाळायला देवीदास.

भोसल्यांच्या काळात नागपूरहून आलेलं हे घराणं. दसऱ्याचं सीमोल्लंघन घोड्यावरून करायचं, कुत्री पुढे घालून कोल्ह्याच्या मागे, ही त्यांची रीत. कायद्यानं शिकार बंद झाली तेव्हा यशवंतरावांच्या वडिलांनी रीत मोडली नाही, नुसती वळवली. शहराबाहेर लाल मुरमाचा ओसाड माळ होता, त्याला तिकडे भाठा म्हणतात. पहाटे एकानं सुक्या मासळीचं पोतं त्या भाठ्यावरून फरफटत न्यायचं आणि लपवायचं. मग कुत्री वासामागे आणि घोडी कुत्र्यांमागे. कोल्हा आपला बिळात सुखरूप. कुत्र्यांसोबत पोत्यापर्यंत जो स्वार पोचेल त्याला आपट्याचं पहिलं पान मिळे, मग तो घरातला सगळ्यांत धाकटा का असेना.

सरला ही यशवंतरावांची धाकटी बहीण. लहानपणी ती वडिलांच्या पुढ्यात बसून दसऱ्याच्या दौडीला जाई, पुढे एकटीही बसू लागली. चौदाव्या वर्षी आईनं सांगितलं की आता पुरे, आणि पुरे म्हणजे पुरे झालं. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, निवृत्तही झाली. दर दसऱ्याला ती फाटकाशी उभी राहून घोड्यांना कुंकू लावी आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथेच थांबे. कुत्र्यांची संध्याकाळची भाकर मात्र तिच्याकडे होती. ती परातीवर पळी वाजवून हाक मारी, की अकराही जण अंगणाच्या कानाकोपऱ्यातून धावत येत.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधी यशवंतराव न्हाणीघरात घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलगा शिशिर सरकारी नोकरीत नवा लागलेला. चंद्रीनं त्याला दोनदा पाडलं, तेव्हा त्याच्यासाठी भनपुरीहून वरातीचा घोडा आणायचं ठरलं. मग चंद्रीवर कोण, असा प्रश्न आला आणि भाजी निवडता निवडता सरला म्हणाली, "मी बसते."

यशवंतरावांनी प्लास्टरमधला हात उशीवर टेकवला. मग म्हणाले, "बसशील तू. पण कुत्रे तुयं ऐकन नाही. ते भाकरीपुरते तुये."

त्यांची बायको, रमावहिनी, स्वयंपाकघरातून बोलल्या, "बसू द्या न जी तिले. चाळीस वर्षं झाली, वाट पाहून राहिली."

पोत्याचाही पेच पडला, आणि तो वहिनींनीच पाडला. दसरा त्या वर्षी नेमका शुक्रवारी आला होता. देवीचा वार, वर घरातले घट त्याच सकाळी उठायचे, त्यात सुकी मासळी फाटकाच्या आत येता कामा नये, असं त्यांनी बजावलं. देवीदासानं मान डोलावली. नाल्याकाठच्या कोल्ह्याच्या बिळापुढची माती आणि केस चिकटलेलं गवत त्यानं गोणीत भरलं. वास पवित्र नसला तरी मासळीचा नव्हता. सगळ्यांना तोडगा पसंत पडला. कोल्ह्याच्या वासामागे सोडलेली कुत्री कोल्ह्याकडेच जातील, हे त्या सोवळ्याच्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेजारचा धर्मपाल वनखात्यात होता. तो सुटीच्या कपड्यांतच जीप चालवायला यशवंतरावांच्या शेजारी बसला. निघण्यापूर्वी त्यानं साफ सांगितलं, "काका, पोत्यामागे खुशाल पळवा. पण जनावराले दात लागला तर कुत्रे मले उचला लागन. मंग दसरा पाहणार नाही मी."

यशवंतराव हसले. पोत्याची रीत आल्यापासून कधी लागला होता?

चंद्रीच्या पाठीवर बसताना सरलेचे गुडघे कुरकुरले, पण बसल्यावर सगळं जागच्या जागी आलं. तिनं वहिनींचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि डोक्याला उपरणं बांधलं होतं. माना गावचं विमानतळ मागे टाकून ते भाठ्यावर आले. खाली दूरवर धान पिवळं पडत होतं, वर लाल मुरूम, तुरळक पळस. देवीदासानं कुत्री सोडली. म्हातारी बुधनी नाक जमिनीला लावून पुढे, बाकीची तिच्यामागे, आणि मग तो आवाज उठला, जो सरलेनं इतकी वर्षं फक्त फाटकाशी ऐकला होता.

पहिल्याच गावाजवळ दसऱ्याचा बाजा वाजत होता. वरातीच्या घोड्यानं कान टवकारले आणि आपलं काम आलं असं समजून तो जागच्या जागी नाचू लागला. शिशिर मानेला मिठी मारून ओरडत होता, "आत्या, ये तो नाच रहा है!" गावातल्या बायका कौतुकानं नवरीकडचे कुठले म्हणून विचारू लागल्या. सरलेला हसू आवरेना, पण कुत्री थांबणार नव्हती. तिनं चंद्रीला टाच दिली.

वारा कानात शिरत होता. एक चर आला, चंद्रीनं तो ओलांडला, आणि सरला खाली पडली नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तेवढ्यात कुत्र्यांचा आवाज बदलला. डावीकडे झुडपातून एक तांबूस पाठ उठली आणि मुरमाच्या जुन्या खाणीकडे पळत सुटली. ती गोणी नव्हती.

मागे जीप खडखडत येत होती. यशवंतरावांनी ते पाहिलं आणि उभे राहून हाका घालू लागले. पण त्यांच्या हाका दौडीच्या होत्या. त्या आवाजानं कुत्री थांबायची नाहीत, आणखी पेटायची. तशी ती पेटली. खाणीच्या भिंतीशी कोल्हा अडकला, दात विचकून वळला, आणि अकरा कुत्री अर्धवर्तुळ करून त्याच्यावर सरकू लागली. धर्मपाल जीपमधून उतरून धावत होता. त्याचा चेहरा शेजाऱ्याचा राहिला नव्हता.

सरलेनं पायातली रिकीब सोडवून हातात घेतली, जीनाच्या लोखंडी कडीवर ठणठण वाजवली आणि रोजच्या संध्याकाळच्या सुरात हाक मारली, "जेवाले या रे, बाप्पा. या. बुधने, जेवाले ये."

बुधनीनं एक कान मागे केला. कोल्ह्याकडे पाहिलं, सरलेकडे पाहिलं. सरलेनं पुन्हा ठणठण केलं. बुधनी वळली, आणि ती वळली तशी एकेक करून सगळी वळली. कोल्हा खाणीच्या काठावरून वर चढला आणि मागं न पाहता नाल्याकडे गेला.

कुत्री घोडीभोवती शेपट्या हलवत बसली. सरलेनं जीपकडे हात केला. "वहिनीचा डबा आणा."

"त्यात पुरणपोळ्या आहेत," यशवंतराव म्हणाले. "आपल्या सगळ्यांच्या."

"दादा, मी त्यांले जेवाले बोलावलं हाये. आज फसवलं तर उद्या येतीन काय?"

धर्मपालनं स्वतःच डबा उचलून आणला. तुपात भिजलेल्या पोळ्या एकेक करून बुधनीच्या मंडळीत वाटल्या गेल्या. माणसांच्या वाट्याला कढी उरली. मग यशवंतरावांनी डाव्या हातानं खिशातलं आपट्याचं पान काढलं. पोत्यापर्यंत तर कुणीच पोचलं नव्हतं, तरी त्यांनी ते बहिणीच्या हातात ठेवलं.

"भाकरीपुरतेच तुये म्हणलं होतं न मी," ते म्हणाले. "तेच कामी आलं."

यशवंतराव पुढे पाच वर्षं जगले आणि प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगताना कोल्हा थोडा थोडा मोठा करत गेले. पोत्यात मासळीच भरायची, असं रमावहिनींनी पुढच्याच वर्षी जाहीर केलं. त्या आता मुलीकडे नागपूरला असतात. देवीदास बुधनीची पिल्लं घेऊन गावी गेला आणि तिथंच स्थिरावला. धर्मपालची बदली झाली, पण दर दसऱ्याला त्याचा फोन येतो आणि तो, माझी पोळी कुठं, म्हणून विचारतो. शिशिर त्याच वरातीच्या घोड्यावरून लग्नाला गेला, घोडा नाचला, आणि त्या दिवशी तो पडला नाही. आता तो नव्या रायपूरच्या मंत्रालयात बसतो, जवळपास त्याच भाठ्यावर, आणि सांगतो की सकाळच्या मोकळ्या रस्त्यांवर कधीमधी कोल्हा दिसतो.

सरला आणखी सहा दसरे चंद्रीवर बसली. मग रस्त्यांची कामं निघाली आणि घोडीही थकली. चंद्री अंगणातच म्हातारी होऊन गेली. सरलेनं ऐंशी ओलांडली आहे. शंकर नगरात संध्याकाळी परात वाजली की गल्लीतली कुत्री तिच्या फाटकाशी येतात, आणि दसऱ्याला त्यांना पुरणपोळी असते.