चंपाबाईंचं भिंग

बेळगावात फार्मसीची पीएच.डी. करणारी राजश्री निपाणीला माहेरी आली ती बुट्टीभर उंबरं घेऊनच. चंपाबाईंचं डोकंच फिरलं.

"जैनाच्या घरात उंबरं? आधी भाईर ठेव! जीव असत्यात त्यात."

"खायला न्हाईत गं आई. त्यातली औषधी द्रव्यं तपासायची हायत," म्हणत लेकीनं एक उंबर फोडून भिंगाखाली धरलं. "बघ तरी."

चंपाबाईंनी नाक मुरडत डोळा लावला आणि तिथंच खिळल्या. इवलाले पंखवाले किडे लगबगीनं फिरत होते. साठ वर्षं न बघता पाळलेला नेम आज डोळ्यांना दिसला! त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. शेजारणी भिंगात डोकावत होत्या आणि चंपाबाई वरमाईसारख्या मिरवत होत्या.

मग त्यांनी बुट्टी उचलली आणि परड्यातल्या उंबराखाली अलगद रिकामी केली.

"आई! माझी पीएच.डी.!"

"झाडाच्या सालीवर कर की. तोंड आलं की माझी आई सालीच्या काढ्यानं गुळण्या करायला लावायची. लई गुण यायचा."

राजश्रीला हसू आवरेना. तिनं वहीतलं 'फळ' खोडून 'साल' लिहिलं. चंपाबाईंनी कोयता तिच्या हातात दिला, पण मूठ काही सोडेनात.

"बेतानं काढ हं. झाडालाबी जीव असतोय."