न चुकणारं यंत्र

तंजावरकडे, कुंभेश्वराच्या देवळामागे विजयराघवराव कंप्युटरवर पत्रिका जुळवून देत. यंत्र शहाऐंशी सालचं. रोज सकाळी आधी त्याला गंध लागे, मग डॉसची फ्लॉपी आत जाई, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटेपर्यंत गिऱ्हाइकांनी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. बिचारं इतकं सावकाश चाले, की ते विचार करतंय असं लोकांना वाटे. रावांनी हा समज कधी खोडून काढला नाही.

शहाण्णव साल उजाडलं, गावात विंडोज आलं, मिनिटात पत्रिका मिळू लागली. रावांनी नाक मुरडलं. ज्याला माउसने बोट धरून न्यावं लागतं ते यंत्र कसलं, असं ते म्हणत; आपल्या डॉसला आज्ञा द्यावी लागते, आणि ते आजवर एकदाही चुकलेलं नाही. साक्कोट्टैच्या गुरुमूर्तींच्या मुलाचं ठरलेलं लग्न त्यांनी याच जोरावर मोडलं होतं. पत्रिका जुळवताना पाहतात ती रज्जू जुळत नव्हती, आणि रज्जू जुळली नाही की नवऱ्याच्या जिवाला धोका, असं तिकडे मानतात. मुलगा बिनलग्नाचा राहिला, पण जिवंत आहे ना, असं राव छाती फुगवून विचारत.

मग त्यांच्याच लेकीला, तुळसीला, मद्रासहून स्थळ आलं. वैद्यनाथ तंजावरी मराठी घरातला, मुलगा चांगला, नोकरी मात्र विंडोजची. यंत्र पाहून तो हसला. रावांना ते झोंबलं. पण तुळसीही हसली, आणि आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, हे बापाच्या नजरेतून सुटलं नाही.

दोघांच्या जन्मवेळा तुळसीनेच टाइप केल्या. यंत्र बराच वेळ घरघरलं, मग प्रिंटर किरकिरला. ओसरीवरची गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती. रज्जू जुळत नव्हती.

तुळसीने कागद वडिलांच्या हाती दिला आणि मान खाली घातली. वेळ थोडी इकडेतिकडे करणं तिला सहज जमलं असतं. तिने ते केलं नव्हतं. रावांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

“यंत्राचें वय झालें,” ते म्हणाले. “आतां चुकतें तें.”

दुसऱ्या दिवशी राव गंध उगाळत होते, तेव्हाच दारात रांग लागली होती. सगळ्यांत पुढे गुरुमूर्ती, मुलाचा हात धरून. मुलाचे केस पिकू लागले होते. यंत्र नेमकं कधीपासून चुकायला लागलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.