बोंबील आणि १.१६३

जगातली निम्मी भांडणं माणसं वेगवेगळ्या मापांत बोलतात म्हणून होतात. सगळ्यांचं एकदा एका मापात रूपांतर केलं की मानवजात सुखी होईल, असं शिवदास परबांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी जोगेश्वरीतल्या आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडलं. विषय गच्चीच्या गळतीचा होता. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात 'इतर' या सदरात घातलं.

पण परबांना तसं बोलायचा अधिकार होता. मरोळला रंग वाळवायच्या भट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. एका चौरस मीटरवर तासाला किती उष्णता पडायला हवी, हे तिथल्या जुन्या ड्रॉइंगवर किलोकॅलरीत लिहिलेलं असायचं आणि हीटरवाल्याला हवं असायचं वॅटमध्ये. आकड्याला १.१६३ ने गुणायचं, की झालं. हात इतका बसला होता, की बायकोनं, जयंतीनं, "अडीचशे ग्रॅम भेंडी आणा" म्हटलं तरी परबांच्या डोक्यात दोनशे नव्वद पॉइंट पंच्याहत्तर उमटायचं.

सोसायटीत वीस वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या वेसाव्याच्या कृष्णाबाईंनी एकदा सहज विषय काढला. हवा दमट असली की वलांडीच्या बांबूंवर टांगलेले बोंबील वाळत नाहीत, माल फुकट जातो. सून म्हणते, विजेवर वाळवायचं कपाट करून घेऊ. परब तेव्हा निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून संपलं होतं. ते म्हणाले, "मी करून देतो."

कपाट झकास झालं. पत्र्याचं, माणसाच्या उंचीचं, खाली हीटर, मागे पंखा. किती उष्णता लागेल तो आकडा परबांनी एका जाडजूड अमेरिकन हँडबुकातून काढला: तीनशे. हातानं आपणहून १.१६३ ने गुणलं. साडेतीनशे वॅटला एकच कमी. परबांनी पेनाला टोपण लावलं.

सून भाविका बारावी झालेली, हौशी. तिनं रीतीप्रमाणे दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून कपाटात जोड्या टांगल्या. संध्याकाळी पंख्यापुढे हात धरून ती म्हणाली, "काका, हवा कोमटच येते हो."

"कोमट का गरम ते हिशोब ठरवतो," परब म्हणाले. "हात नाही."

तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा शेजारच्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. परब नाकाला रुमाल लावून आले आणि चौतीस वर्षांच्या अनुभवानं बोलले, "मशीनमध्ये दोष नाही. बोंबील फार दाट टांगलेत. हवा खेळायला जागा नको?"

कृष्णाबाईंनी सुनेकडे एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून सुक्या मासळीला तिचा हात लागू दिला नाही. गल्लीत तिला 'कपाटवाली' म्हणायला लागले. पुढे ती अंधेरीत एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर लागली.

दीड वर्ष गेलं. परवा जयंतीनं रद्दीसाठी ते हँडबुक बाहेर काढलं. "नवं करकरीत दिसतंय. कधी उघडलंत तरी का?" परबांनी दाखवायला म्हणून ते पान उघडलं. तीनशे जागेवरच होते. पण तो तक्ता मागच्या पानावरून चालत आला होता आणि रकान्याचं डोकं मागच्या पानावर होतं. तिथे किलोकॅलरी नव्हती. तिथे बीटीयू हे उष्णतेचं इंग्रजी माप होतं, आणि तेही चौरस फुटाला. त्याला १.१६३ नाही, ३.१५५ ने गुणायचं असतं. साडेनऊशेच्या जागी साडेतीनशे. भाविकाच्या हाताला ते मिनिटभरात कळलं होतं.

परब हँडबुक छातीशी धरून वेसाव्याला गेले. रविवार होता, दोघी घरी होत्या. कपाट ओसरीवर उभं होतं. आत जुनी जाळी, दोन छत्र्या आणि गणपतीचं मखर. दार उघडं लोंबत होतं.

परबांनी उभ्याउभ्याच सांगितलं. बीटीयू, चौरस फूट, मागचं पान, सगळं.

कृष्णाबाई म्हणाल्या, "मना त्यातला काय कलत नाय. पोरीची चूक व्हती का नव्हती?"

"नव्हती. माझी होती. ती बरोबर सांगत होती."

कृष्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग घासून कोरडं झालेलं एक पातेलं उगाच पुन्हा घासायला घेतलं.

परब घाईनं म्हणाले, "मी मोठा हीटर बसवतो, भाविका. आज माप घेतो. तू पुन्हा—"

"नको, काका. आता मला दवाखान्यात पक्कं केलंय." ती रागावली नव्हती. रागावली असती तर परबांना बरं वाटलं असतं. "तेव्हा एकदा हात धरून बघितला असतात ना तुम्ही पंख्यापुढे..."

"हो," परब म्हणाले. ह्या 'हो'ला कशानंही गुणता येत नव्हतं.

पातेल्याचा आवाज तेवढा चालू होता. परबांनी पान उघडून तिच्यापुढे धरलं. निदान तिनं तरी ते डोळ्यांनी पाहावं. तिनं पान पाहिलं नाही. पुस्तक हातात घेऊन वजन जोखलं, मग लोंबणाऱ्या दाराकडे बघितलं.

"काका, हे तुम्हाला लागणार नसेल तर ठेवून जाल? दार लागत नाही त्याचं, मांजर आत शिरतं. टेकण लावायला काहीतरी जड पाहिजेच होतं."